सात हजार जिंगल्स आणि एक ऑपेरा

युवक महोत्सवाच्या कलाप्रकारांची यादी तुम्ही कधी शेवटपर्यंत वाचलीय का? लोकगीत, पोवाडा, भारूड, शास्त्रीय गायन इथपर्यंत आपल्या कॉलेजांची तालीम जोरात असते. पण त्याच यादीत ‘पाश्चात्य गायन’, ‘पाश्चात्य समूहगान’ असेही प्रकार असतात. तिथं आलं की सगळे एकमेकांकडं बघतात. मग कुणाचा तरी गिटारवाला मित्र शोधला जातो, एखादं इंग्रजी पॉप गाणं बसवलं जातं आणि वेळ निभावून नेली जाते. वेस्टर्न क्लासिकल म्हणजे नेमकं काय, ते आजही कुणी नव्यानं लिहितं का, आणि लिहीत असेल तर त्याचं पोट कशावर चालतं, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. मोझार्ट आणि बेटोव्हन आपल्या लेखी रिंगटोनपुरते.

तर आज अशाच एका माणसाची ओळख करून घेऊ. तो लंडनचा किंवा व्हिएन्नाचा नाही, मुंबईचा आहे. आणि गंमत म्हणजे त्याचं संगीत तुमच्या घरात आधीच येऊन गेलंय.

आई-बाबांना विचारा. धबधब्याखाली नाचणाऱ्या मुलीची लिरिल साबणाची जाहिरात आठवते का? तिची धून त्यांना अजून गुणगुणता येईल. ‘मंथन’मधलं प्रीती सागर यांचं गुजराती वळणाचं गाणं, जे नंतर अमूलच्या जाहिरातीत वाजत राहिलं, ते विचारा. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ विचारा. ‘जाने भी दो यारो’ तर तुम्हीही मोबाइलवर पाहिला असेल. आणि ‘भारत एक खोज’ सुरू होताना वाजणारं ते गंभीर समूहगान, ज्यानं घरातली लहान पोरं जागच्या जागी गप्प व्हायची. हे सगळं वनराज भाटिया या एकाच माणसानं केलंय. जाहिरातींसाठी त्यांनी केलेल्या जिंगल्सचा आकडा सात हजारांहून जास्त सांगितला जातो.

आणि हा माणूस शिकून आला होता फ्यूग, सिम्फनी आणि ऑपेरा लिहायला.

जन्म ३१ मे १९२७, मुंबईतल्या कच्छी कुटुंबात. शाळा न्यू एरा. देवधर संगीत विद्यालयात हिंदुस्थानी संगीताचं शिक्षणही झालं. किशोरवयात त्यांनी चायकोव्हस्कीचा पहिला पियानो कॉन्चेर्टो ऐकला आणि गाडी रुळ बदलून दुसरीकडंच निघाली. डॉ. माणेक भगत यांच्याकडं चार वर्षं पियानो शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजातून १९४९ मध्ये इंग्रजी घेऊन एमए केलं आणि त्यानंतर लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिक गाठली. तिथून १९५४ मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. मग शिष्यवृत्तीवर पॅरिस, आणि तिथं गुरू कोण, तर नादिया बुलांजे.

या बाईंबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. विसाव्या शतकात संगीतरचना शिकायची तर जगभरची पोरं यांच्या दारात उभी राहायची. अमेरिकेचे एरन कोपलंड, फिलिप ग्लास, मायकल जॅक्सनचे अल्बम करणारे क्विन्सी जोन्स, सगळे त्यांचे विद्यार्थी. अर्जेंटिनाचा अस्तोर पियाझोला आपल्या सिम्फनी बगलेत मारून त्यांच्याकडं गेला. पोटासाठी आपण टँगो वाजवतो, हे सांगायची त्याला लाज वाटत होती. बाईंनी त्याच्याकडून टँगो वाजवून घेतला आणि सांगितलं, तुझा खरा आवाज हा आहे, हा सोडू नको. पुढं त्यानं टँगोचा चेहराच बदलला. ही गोष्ट लक्षात ठेवा, भाटियांच्या बाबतीत तिचा उपयोग होणार आहे.

लंडनमधले त्यांचे शिक्षकही मजेशीर होते. त्यांतले विल्यम ऑल्विन यांनी पाच सिम्फनी लिहिल्या आणि सत्तरहून जास्त चित्रपटांना संगीतही दिलं. दुसरे ॲलन बुश. हे कट्टर कम्युनिस्ट. त्यांच्या ऑपेरांना स्वतःच्या देशात रंगमंच मिळेना, म्हणून त्या आधी पूर्व जर्मनीत रंगल्या. तिसरे हॉवर्ड फर्ग्युसन. त्यांनी पन्नाशीच्या आसपास एक दिवस ठरवलं की, मला जे म्हणायचं होतं ते म्हणून झालंय, आणि रचना करणं चक्क थांबवलं. पुढं जुन्या संगीताच्या संपादनात रमले. एकट्या माणसानं पाहुण्यांसाठी स्वयंपाक कसा करावा, यावरही एक पुस्तक लिहिलं! म्हणजे बघा, कंपोझरचं आयुष्य कुठकुठल्या वाटांनी जाऊ शकतं, याचे तीन नमुने भाटियांच्या समोरच बसलेले होते.

कागदावरचं संगीत

इथं थोडं थांबून एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं नुसतं चरित्र वाटेल.

आपल्याकडं गायक बंदिश घेतो आणि राग मांडतो. बंदिश चार ओळींची, पण तिच्याभोवती तासभर जे उभं राहतं ते त्या क्षणी, त्या बैठकीत, त्याच माणसाच्या गळ्यातून. रचना करणारा आणि सादर करणारा यांच्यात भिंत नसते. भातखंडे लिपीत बंदिश लिहून ठेवता येते, पण ती लिहिलेली वही म्हणजे मैफल नव्हे.

पाश्चात्य अभिजात संगीतात उलट आहे. तिथला कंपोझर टेबलाशी बसून कागदावर संगीत लिहितो. साठ-सत्तर वादकांचा ऑर्केस्ट्रा असेल तर एकाच पानावर वीस-वीस ओळी, एकाखाली एक. वर बासरी, खाली व्हायोलिन, त्याखाली सेलो. कोणत्या मात्रेला कुणी वाजवायचं, किती हळू, किती जोरात, सगळं लिहिलेलं. आणि त्या सगळ्या ओळी एकाच वेळी वाजतात. आपल्याकडं एक सूर पुढं जातो आणि तंबोरा त्याला धरून ठेवतो. तिथं अनेक सूर एकमेकांना धरून चालतात. त्याला हार्मनी म्हणतात.

फ्यूग हा त्यातला कसोटीचा प्रकार. वारीतल्या दिंडीत पुढचा एक जण अभंगाची ओळ म्हणतो, ती संपली की टाळकरी उचलतात. आता कल्पना करा की टाळकऱ्यांनी ओळ उचलली तरी पुढचा थांबतच नाही. पहिल्याची ओळ झाली की दुसरा तीच ओळ वेगळ्या पट्टीत सुरू करतो, पहिला त्याच वेळी पुढं गातच राहतो, त्यांच्यावर तिसरा, आणि तरीही गोंधळ होत नाही. उलट सगळं मिळून काहीतरी तिसरंच उभं राहतं. हे गणित डोक्यात करायचं आणि ऐकताना मात्र गणित वाटू द्यायचं नाही. भाटियांनी पियानोसाठी लिहिलेली ‘फँटासिया अँड फ्यूग इन सी’ ही रचना त्यांच्या सर्वांत जास्त वाजवल्या जाणाऱ्या रचनांपैकी एक आहे.

पण कागदावर लिहिलेलं संगीत म्हणजे न झालेला कार्यक्रम. तो व्हायला वादक लागतात, हॉल लागतो, तालमीचे पैसे लागतात, तिकीट काढून येणारी माणसं लागतात. इंग्लंडमध्ये यासाठी व्यवस्था आहे. बीबीसीचे स्वतःचे ऑर्केस्ट्रा आहेत, दर उन्हाळ्यात ‘प्रॉम्स’ महोत्सव होतो, नवीन रचना मोबदला देऊन लिहून घेतल्या जातात, आणि रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था १९१४ पासून काम करतेय. भाटिया १९५९ मध्ये मुंबईत परतले तेव्हा इथं यातलं काय होतं? फारच थोडं.

वादक मात्र होते. आणि ते कुठं होते, तर फिल्म स्टुडिओत. गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले. हिंदी गाण्यांमधले ते भरगच्च व्हायोलिन्स यांचेच. ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ ज्या अँथनी गोन्साल्विसचं नाव घेऊन अंड्यातून बाहेर येतो, ते नाव खऱ्या माणसाचं आहे, माहितीय ना? माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. त्यांचा जन्मही १९२७ चा, म्हणजे भाटियांचाच. त्यांनी १९५८ मध्ये मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या. पुढं १९६५ मध्ये तेही अमेरिकेला गेले. एकाच शहरात, एकाच वयाची दोन माणसं एकाच भिंतीवर दोन बाजूंनी डोकं आपटत होती, असं मला हे वाचताना वाटलं.

पॅरिसहून पेटी आली

आता म्हणाल, याचा आपल्या जालन्याशी काय संबंध? आहे, आणि तो पॅरिसमधूनच येतो.

आपल्या प्रत्येक भजनी मंडळात असलेली पेटी, म्हणजे हार्मोनियम, हे वाद्य मूळचं पॅरिसचं. अलेक्झांडर दबँ यानं १८४२ मध्ये तिथं त्याचं पेटंट घेतलं. भारतात आलं, पायानं हवा भरायची सोय जाऊन हाताचा भाता आला, मांडी घालून वाजवता येऊ लागलं आणि बघता बघता आपलं झालं. इतकं की जालन्याच्या मातीतून पं. आप्पा जळगावकर यांच्यासारखा हार्मोनियमवादक निघाला. जन्म १९२२. भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर अशा दिग्गजांना त्यांनी साथ केली आणि २००० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या पेटीच्या गोष्टीत एक इंग्रज कंपोझरही आहे. जॉन फोल्ड्स, मँचेस्टरचा. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी त्यानं लिहिलेली ‘वर्ल्ड रिक्विएम’ ही प्रचंड रचना लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाजली होती. तो १९३५ मध्ये भारतात आला आणि दिल्लीत ऑल इंडिया रेडिओवर युरोपीय संगीताचा प्रमुख झाला. तिथं त्यानं भारतीय वादकांना नोटेशन शिकवून भारतीय वाद्यांचा ऑर्केस्ट्रा बसवायला घेतला. याच माणसानं १९३८ मध्ये हार्मोनियमविरुद्ध कडक लेख लिहिला: हिचे सूर ठोकून बसवलेले, मींड निघत नाही, भारतीय संगीताला ही बाधक आहे. फोल्ड्स १९३९ मध्ये कोलकात्यात वारला आणि १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. आप्पा जळगावकर बंदी आली तेव्हा अठरा वर्षांचे होते आणि उठली तेव्हा एकोणपन्नाशीला आलेले. तरी पेटी टिकली, कारण तिला रेडिओची गरजच नव्हती. तिच्यासाठी देवळं होती, कीर्तनं होती, अंबडच्या दत्तजयंतीसारखे उत्सव होते.

माझं म्हणणं एवढंच की, पॅरिसहून पेटी आली आणि रुजली, कारण तिला इथं बसायला जागा मिळाली. त्याच पॅरिसहून भाटिया कागद घेऊन आले, आणि त्या कागदाला जागा नव्हती. कला चांगली-वाईट असण्याशी याचा संबंध नाही. ती मांडायला सतरंजी कुठं आहे, हा प्रश्न असतो.

मग पोटाचं काय?

भाटियांनी पहिलं काम केलं ते शक्ती सिल्क साड्यांच्या जाहिरातीचं. मग १९६० ते १९६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्य संगीतशास्त्राचे रीडर होते. पण जाहिराती सुटल्या नाहीत. लिरिल, गार्डन वरेली, ड्युलक्स. आमच्या मास कॉमच्या अभ्यासात जिंगल हा चार ओळींत आटोपणारा विषय आहे. पण जरा विचार करा. तीस सेकंदांत सुरुवात, मध्य, शेवट, शिवाय साबणाचं नाव, आणि वर ऐकणारा ते वर्षानुवर्षं विसरता कामा नये. फ्यूग बांधायला शिकलेल्या माणसालाच हे सात हजार वेळा जमावं.

श्याम बेनेगलही तेव्हा जाहिरातींतच होते. त्यांनी पहिला चित्रपट केला ‘अंकुर’, १९७४ मध्ये, आणि संगीत दिलं भाटियांनी. तेव्हा भाटियांचं वय सत्तेचाळीसच्या घरात. (तिसऱ्या सेमिस्टरला ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवायला हरकत नाही.) मग ‘मंथन’, ‘भूमिका’, ‘जुनून’, ‘कलयुग’, ‘मंडी’, ‘त्रिकाल’. यातला ‘भूमिका’ आपल्या जवळचा. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर बेतलेला, स्मिता पाटीलचा. एका नटीचं आयुष्य दशकांमागून दशकं पुढं सरकतं, तशी पडद्यावरची गाणीही त्या-त्या काळातली वाटायला हवीत, हे काम भाटियांकडं होतं. ‘त्रिकाल’मध्ये पोर्तुगीज राजवटीच्या अखेरचा गोवा, तर ‘सरदारी बेगम’मध्ये ठुमरी, आणि तिथं गायला आरती अंकलीकर. गोविंद निहलानींच्या ‘तमस’च्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मला मात्र सगळ्यांत वर ठेवावंसं वाटतं ते ‘भारत एक खोज’. १९८८ ची मालिका, ५३ भाग. सुरुवातीला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, सृष्टीच्या आधी काय होतं असा प्रश्न विचारणारं. हिंदी अनुवाद वसंत देव यांचा. शेवटी हिरण्यगर्भ सूक्त. शब्द वेदातले आणि बांधणी कॉयरची. म्हणजे ज्या संगीताला हॉल मिळत नव्हता, ते रविवारी सकाळी कोट्यवधी घरांत वाजत होतं आणि कुणाला परकं वाटलं नाही. बुलांजेबाईंनी पियाझोलाला जे सांगितलं, ते भाटियांच्या बाबतीत इथं घडलेलं दिसतं. ही तडजोड होती असं मी म्हणणार नाही. ‘दामिनी’ आणि ‘परदेस’च्या पार्श्वसंगीताबद्दल मात्र तसं म्हणवत नाही, ते काम होतं, त्यांनी ते नीट केलं, झालं.

यामागं स्वतःचं लिहिणंही चालू होतंच. ‘सिक्स सीझन्स’ ही गीतमालिका १९८८ ची, म्हणजे ‘खोज’च्याच वर्षातली. तंतुवाद्यांसाठीची ‘सिन्फोनिया कॉन्चेर्टान्ते’ २००१ ची. आणि गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा. त्याचे पहिले दोन अंक सादर झाले २०१२ मध्ये, न्यूयॉर्कला. शिक्षक बुश यांची ऑपेरा पूर्व जर्मनीला गेली, शिष्याची अमेरिकेला. मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला तो २००६ मध्ये. तेव्हा भाटिया ७९ वर्षांचे होते.

पद्मश्री २०१२ मध्ये मिळाली. आणि २०१९ मध्ये वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की, गुडघ्यांनी अधू झालेले भाटिया पैशांच्या अडचणीत आहेत आणि घरातली भांडीकुंडी विकून भागवतायत. सात हजार जिंगल्सवाला माणूस! हे कसं झालं, याचं पूर्ण उत्तर कुणा एकाकडं नसेल. पण एक कारण कायद्यात आहे, आणि ते तुमच्यातल्या यूट्यूबवर गाणी टाकणाऱ्या, डीजेसाठी ट्रॅक बनवणाऱ्या, लोकल ब्रँडच्या जाहिराती करणाऱ्या सगळ्यांना माहीत हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या निकालानुसार, निर्मात्यानं पैसे देऊन चित्रपटासाठी संगीत करून घेतलं की करारात वेगळं काही नसेल तर त्याचा पहिला मालक निर्माता. म्हणजे एकदा मानधन घेतलं की विषय संपला, धून पुढं चाळीस वर्षं वाजो. कॉपीराइट कायद्यातली दुरुस्ती २०१२ मध्ये आली. चित्रपटातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा समान वाटा, आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही, अशी ती तरतूद. भाटियांचं बहुतेक काम तोवर होऊन गेलेलं होतं. तुमचं व्हायचंय. तेव्हा ‘भाऊ, फक्त सही कर’ म्हणून पुढं आलेला कागद आधी वाचा, आणि आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व कसं मिळतं तेही बघून ठेवा.

जानेवारी २०१९ मध्ये जगप्रसिद्ध सेलोवादक यो-यो मा मुंबईत आले होते. त्यांनी त्या वेळी भाटियांची ‘रेव्हरी’ ही रचना वाजवली. ७ मे २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, वयाच्या ९३ व्या वर्षी भाटिया मुंबईतल्या राहत्या घरी गेले.

ऐकायचं असेल तर असं करा. चांगले हेडफोन घ्या, हॉस्टेलच्या रूममध्ये रात्री दिवा बंद करा. आधी ‘भारत एक खोज’चं शीर्षकगीत, दोनदा. पहिल्यांदा शब्दांकडं लक्ष द्या, दुसऱ्यांदा फक्त मागच्या आवाजांकडं. मग ‘फँटासिया अँड फ्यूग’. त्यात पहिली ओळ सुरू झाली की ती पकडून ठेवा. थोड्याच वेळात तीच ओळ दुसऱ्या पट्टीत, दुसऱ्या आवाजात सुरू होईल. पहिल्या खेपेला ती निसटेल. पुन्हा लावा.